पितळी पट्टीवरचा शब्द

"धरा."

ताईने भावोजींच्या उजव्या तळव्यावर दोऱ्याचं रिकामं रीळ ठेवलं आणि त्यांची बोटं एकेक करून त्याभोवती मिटवली. मग तिने आपला हात काढून घेतला. बोटं क्षणभर तशीच राहिली आणि मग सावकाश उघडली. रीळ घरंगळलं, पलंगाच्या कडेवरून खाली पडलं आणि थेट कपाटाखाली गेलं.

"गेलं," भावोजी म्हणाले. अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांचे शब्द भिजल्यासारखे यायचे, कडा नसलेले. "आता कपाटालाच सांग धरायला."

मी हसले. ताई हसली नाही. ती खाली बसली, केरसुणीच्या टोकाने रीळ बाहेर ओढलं, फुंकर मारून पुसलं आणि पुन्हा त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

"धरा म्हणते ना."

त्या दिवसांत मी त्यांच्याकडेच राहत होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर होते. पाळ्या बदलत्या असायच्या, त्यामुळे ताई कामावर गेली की भावोजींपाशी मी आणि मी गेले की ताई, असं आम्ही जमवलं होतं. ताई शिवणाच्या दोऱ्याच्या कारखान्यात होती, चाचणीच्या खोलीत. भावोजी पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. त्यांच्या हातची अक्षरं गावभर टांगलेली होती आणि तो हात आता पलंगावर उताणा पडला होता, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा.

डॉक्टरांनी ताईला व्हरांड्यात नेऊन सांगितलं होतं, पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल ते येईल, पुढे फारशी आशा धरू नका. ताईने त्यातलं पहिलं अर्धंच ऐकलं. त्या दिवसापासून घरात 'धरा' हा एकच शब्द ऐकू येऊ लागला. कामावर जाण्याआधी, आल्यावर, जेवण्याआधी, जेवल्यावर.

"तुम्ही दोघी बहिणी एकाच धंद्यातल्या," भावोजी मला म्हणाले. "तू दिवसभर लोकांना फोन धरायला सांगतेस, ही मला रीळ. तुझं तरी कुणी ऐकतं का?"

"काही जण ऐकतात, भावोजी. बाकीचे ठेवून देतात."

"शहाणे आहेत," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

हे भिंतीकडे तोंड करणं नवीन होतं. मला हाताची नाही, त्याची भीती वाटायची. या माणसाला मी इतकी वर्षं ओळखत होते, पण त्याला कशाबद्दलच काही विचारावंसं वाटत नाही, असं कधी पाहिलं नव्हतं.

कारण त्या दोघांचं लग्नच मुळी एका प्रश्नामुळे झालं होतं. हल्ली मी हे सांगते तेव्हा पोरं म्हणतात, आजी रंगवून सांगते. रंगवलं असेल तर भावोजींनी. मी फक्त आठवते आहे.

ताईच्या त्या चाचणीच्या खोलीत एक उंच, बारीक यंत्र होतं. वर एक जबडा, खाली एक जबडा, बाजूला मोठं घड्याळासारखं तोंड आणि त्यावर एक काटा. दोऱ्याचा तुकडा दोन जबड्यांत आवळायचा, खालचा जबडा खाली जाऊ लागतो, दोरा ताणला जातो, काटा चढत जातो. मग टक् असा एक अगदी हलका आवाज होतो आणि काटा जिथे थांबेल तो आकडा. दिवसभर हेच काम. दोरा चांगला आहे की नाही हे तो तोडल्याशिवाय कळत नाही, ही गोष्ट ताईला कधी विचित्र वाटली नाही. मला अजून वाटते.

त्या यंत्रावर एक पितळी पट्टी होती आणि पट्टीवर दोन इंग्रजी शब्द होते. टेनॅसिटी टेस्टर. दुसरा ताईला कळायचा, कारण तिलाही सगळे टेस्टरच म्हणत. पहिला कुणालाच नीट कळत नव्हता. तरी सगळे तो दिवसातून दहादा उच्चारत. "टेनॅसिटी किती आली?" "कालच्या मालाची टेनॅसिटी उतरली." पुसून पुसून अक्षरांतला काळा रंग गेला होता आणि कुणी मोठे पाहुणे कारखाना बघायला येणार होते, म्हणून मॅनेजरने पेंटर बोलावला.

पेंटर आला. सडपातळ, कानामागे पेन्सिल आणि बोटं कायम कुठल्या ना कुठल्या रंगाची. त्याने पट्टी उतरवली, घासली, पेन्सिलीने अक्षरं आखली. मग ब्रश हातात घेऊन तो ताईला म्हणाला, "याचा अर्थ काय?"

"मला काय माहीत. मी आकडा बघते."

"मग रंगवायचं कसं?"

"शेजारच्या बाटलीत काळा रंग आहे, तो लावून."

पेंटरने ब्रश खाली ठेवला. "अर्थ माहीत नसलेला शब्द मी रंगवत नाही, बाई. 'सावकाश' आणि 'आग' हे दोन शब्द एकाच जाडीने रंगवून चालतील का तुम्हाला?"

ताई सांगायची, मला वाटलं हा वेडा आहे. पण तो ब्रश धुऊन खरंच निघून गेला आणि यंत्रावर पेन्सिलीची नुसती आखलेली अक्षरं राहिली.

काही दिवसांनी परत आला. "तुमचे सुपरवायझर म्हणतात, मजबुती."

"मजबुतीला दुसरा शब्द आहे. तो खाली, काट्यापाशी लिहिलाय."

पुन्हा गेला. पुन्हा आला. "शाळेतले मास्तर म्हणाले, चिकाटी."

"दोऱ्याला कसली चिकाटी? दोरा काय परीक्षेला बसतो?"

"रोज बसतो की. तुमच्यासमोर."

ताईने पुढचा तुकडा जबड्यात आवळला. तिचा शब्द कुणी तिच्यावरच उलटवला असं फार कमी वेळा व्हायचं, म्हणून तिने ते लक्षात ठेवलं असावं.

मग तो एका डॉक्टरांना विचारून आला. डॉक्टर म्हणाले, चिवटपणा, आम्ही जंतूंबद्दल बोलताना वापरतो. एक वकील म्हणाले, हेका, आमच्या अशिलांत भरपूर असतो. पेंटर खोलीच्या दारात उभा राहून हे सगळं ताईला सांगायचा आणि ताई दोरे तोडता तोडता ऐकायची. त्याने त्या शब्दांची वाटणीच केली होती. हट्ट लहान मुलांचा, जिद्द तरुणांची, चिकाटी मास्तरांना आवडणारी, चिवटपणा गवताचा आणि हेका लग्न झालेल्या माणसांचा. "यातलं तुमच्या दोऱ्यात नेमकं काय असतं, ते सांगा. मी लगेच रंगवतो."

"तुम्ही लांब उभे राहा, तुमच्या सावलीत काटा दिसत नाही," ताई म्हणायची.

असंच एकदा तो बघत असताना दोरा वरच्या जबड्याला अगदी लागून तुटला. ताईने आकडा न बघताच दोन्ही तुकडे काढून टाकले आणि नवा तुकडा घेतला.

"आता तो का नाही धरला?"

"जबड्यापाशी तुटला. जबड्यापाशी तुटलेला मोजत नाहीत."

"का?"

"कारण तो दोरा हरलेला नसतो. आवळणाऱ्याने जास्त आवळलेलं असतं. सैल आवळलं तर निसटतो, जास्त आवळलं तर जबडाच कापतो. दोरा आपल्या आपण तुटला तर मधे कुठेतरी तुटतो."

पेंटरने वाकून जबडा जवळून बघितला. "म्हणजे त्याला दुसरी संधी."

"त्याला नाही. दुसऱ्या तुकड्याला. तो गेलाच."

शेवटी त्याला उत्तर मिळालं ते वाचनालयात. तिथे एक म्हातारे ग्रंथपाल होते. दुपारच्या वेळी त्यांच्याकडे कुणी फिरकत नसे, त्यामुळे एक पेंटर शब्दाचा अर्थ विचारायला आलाय म्हटल्यावर ते आधी घोटभर पाणी प्यायले, मग म्हणाले, "अर्थ नंतर. आधी त्याचं घर कुठलं ते बघू."

ते घर लॅटिन भाषेत निघालं. तिथे 'तेनेरे' म्हणजे धरणं. साधं, हातात एखादी वस्तू धरतो तसं. त्यावरून 'तेनाक्स', धरून राहणारा, न सोडणारा. भांड्याला चिकटून बसणाऱ्या चिखलालाही तो शब्द चालायचा आणि पैसा न सोडणाऱ्या कंजुषालाही. "म्हणजे हा शब्द कौतुकाचा की शिवी, हे त्याच्यावर नाही," ग्रंथपाल म्हणाले. "काय धरलंय आणि कसं धरलंय, त्यावर आहे." मग त्यांना जोरच चढला. घर धरून राहतो तो टेनंट, भाडेकरू. गाणाऱ्यांच्या मेळ्यात मूळ चाल धरून ठेवतो तो टेनर. आणि टेनिस! फ्रान्समध्ये म्हणे चेंडू टोलवण्याआधी समोरच्याला ओरडून सांगत, 'तेनेझ!', म्हणजे 'धरा!' त्या धरा-वरूनच टेनिस, असं जाणकार सांगतात.

पेंटर धावतच कारखान्यात आला. "धरणं! इतकंच आहे. नुसतं धरणं. जोर नाही, हट्ट नाही, काही नाही. आपण सगळ्यांनी त्याच्यावर कपडे चढवले."

त्याने आखलेली अक्षरं पुसली आणि नव्याने आखली, आधीपेक्षा जवळ जवळ. एकमेकांना चिकटलेली नव्हेत, पण सुटलेलीही नव्हेत. मग काळ्या रंगाने भरली, पट्टी जागेवर बसवली, ब्रश धुतला, आणि उभाच राहिला.

"झालं," तो म्हणाला. "आता मला यायला काही कारण उरलं नाही."

ताई काट्याकडे बघत होती. तिने मान वर केली नाही. "दुसऱ्या शब्दाचा अर्थ कुठे विचारलात अजून?" ती म्हणाली.

तर असा तो माणूस. आणि तो आता भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि भिंतीलाही काही विचारायचा नाही.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्या हात हळू वर-खाली करवून घेत, खांदा फिरवत, आणि जाताना म्हणत, "दमवू नका हं त्यांना." ताई त्यांना दारापर्यंत पोचवायची आणि परत येऊन रीळ काढायची. रिळाने होईना म्हणून तिने जाड दांड्याचा ब्रश आणला. ब्रशही पडला. मग ती ब्रशभोवती भावोजींची बोटं मिटवायची आणि वरून आपली मूठ घट्ट आवळून धरायची, जणू तिच्या मुठीतला जोर त्यांच्या मुठीत झिरपेल.

"मेव्हणीबाई, टेनिस बघा," भावोजी म्हणाले. "एक जण 'धरा' म्हणून ओरडते, दुसऱ्याच्या हातून चेंडू सुटतो."

पण हळूहळू हे विनोदही बंद झाले. जेवणही दोन घासांवर आलं. ताईला वाटायचं, हात आला की सगळं येईल. मला वाटायचं, हाताची वाट बघता बघता माणूस जाईल. पण ताईला सांगणार कोण? आई गेल्यावर तिने मला वाढवलं होतं. माझी वेणी घालतानाही ती इतकी घट्ट ओढायची की माझ्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असत.

आणि एका सकाळी ते झालंच. ताई कामावर निघायच्या आधीचा 'धरा' चालू होता. ब्रश, त्यांची बोटं, वरून तिची मूठ.

"दुखतंय."

"दुखतंय म्हणजे जाणीव आहे. चांगलं आहे."

"सोड."

"थोडा वेळ. धरा."

"तू आवळतेयस!" भावोजी ओरडले. त्या भिजलेल्या आवाजातून इतका मोठा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने ब्रश हिसकावला आणि फेकला. तो आरशावर आपटला. "माझा हात मेलाय! मेलेल्या हाताला कशाला छळतेस? मला पडू दे ना जरा. पडू दे."

मग ते रडले. मोठ्या माणसाने रडावं तसे नाही, तोंड उघडं टाकून, एका बाजूने वाकडं. ताई उभी होती. तिने ब्रश उचलून टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेली.

तिचा चष्मा टेबलावरच राहिला होता.

चष्म्याशिवाय तिला काटा दिसणं शक्य नव्हतं. भावोजींना झोप लागल्यावर मी शेजारच्या काकूंना त्यांच्यापाशी बसवलं आणि कारखान्यात गेले. दरवान मला ओळखायचा. चाचणीच्या खोलीत मी पाऊल टाकलं तेव्हा ताई यंत्रापाशी होती आणि तिच्यामागे सुपरवायझर उभे होते. ते शांत गृहस्थ होते, ताईच्या कामात कधी बोट घालत नसत.

टक्. दोरा वरच्या जबड्यापाशी तुटला. ताईने तुकडे टाकले, नवा लावला, स्क्रू फिरवला. टक्. पुन्हा जबड्यापाशी. पायाशी ठेवलेल्या टोपलीत दोऱ्याच्या तुकड्यांचा ढीग झाला होता.

"जबड्याचं चामडं झिजलं असेल," ताई म्हणाली.

"परवाच बदललंय," सुपरवायझर म्हणाले. ते अगदी हळू आवाजात बोलत होते. "बाई, रागावू नका. तुम्ही आवळताय."

ताईचा हात स्क्रूवर होता, तिथेच थांबला.

मी दारातून बघत होते. ती काही वळली नाही. पण तिची पाठ मला पाठ होती. सुपरवायझर निघून गेले तरी ती तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर ती पितळी पट्टी, भावोजींच्या हातची अक्षरं, इतक्या वर्षांत कुठे कुठे उडालेली, तरी वाचता येतील अशी. मग तिने स्क्रू अर्धा उलटा फिरवला. बोटाने दोरा हलकेच छेडून बघितला, तार छेडतात तसा. आणि खालचा जबडा खाली जाऊ दिला. काटा चढत गेला, चढत गेला. दोरा तुटला तो मधोमध.

"चष्मा," मी म्हणाले.

"ठेव तिथे," ती म्हणाली. आकडा तिने चष्म्याशिवायच वाचला होता, की वाचलाच नव्हता, कोण जाणे.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत जाड पांढऱ्या दोऱ्याची एक लडी होती. चाचणीतून उरलेल्या लड्या सुपरवायझरांना विचारून घरी नेता यायच्या. भावोजी भिंतीकडे तोंड करून होते. ताईने चहा केला, त्यांना उठवून पलंगावर टेकवून बसवलं, मांडीवर एक उशी ठेवली आणि उजवा हात उचलून त्या उशीवर उभा टेकवला.

"आता काय?" भावोजी म्हणाले. "आता काय धरू?"

"काही धरायचं नाही. दुसरा हात पुढे करा."

त्यांनी संशयाने डावा हात पुढे केला. ताईने लडी सोडवली आणि त्यांच्या दोन्ही हातांत अडकवली, एक बाजू डाव्यात, एक उजव्यात. मग समोर खुर्ची ओढून बसली, टोक शोधलं आणि दोऱ्याचा गोल गुंडा गुंडाळायला लागली.

लडी धरणारे हात तुम्ही कधी पाहिले असतील तर तुम्हाला ठाऊक असेल. हातांनी काहीच धरायचं नसतं. फक्त एकमेकांपासून जरा लांब राहायचं आणि दोरा ज्या बाजूने सुटत असेल त्या बाजूला थोडं कलायचं. बोटं उघडी असली तरी चालतं. उघडीच लागतात.

सुरुवातीला दोरा उजव्या हातापाशी अडकायचा. ताई थांबायची, दोरा सोडवायची, पुन्हा गुंडाळायची. भावोजी आधी छताकडे बघत होते, मग दोऱ्याकडे बघायला लागले.

"ही काय म्हाताऱ्या बायकांची कामं देतेस मला."

"मग म्हाताऱ्या बायकांसारखं गप्प बसा."

"म्हाताऱ्या बायका गप्प बसतात? तुझी कुठे ओळख आहे त्यांच्याशी?"

मी स्वयंपाकघरात होते. माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मी बाहेर डोकावले नाही. थोड्या वेळाने भावोजींचा आवाज आला, नेहमीचा, जुना, कुतूहलाने जरासा वर चढलेला.

"काय गं, या एवढ्या गुंत्यात तुला टोक कसं सापडतं?"

ताईने आणखी एक फेरा गुंडाळला. मग म्हणाली, "सापडतं. शेवटच्या फेऱ्याला बांधून ठेवलेलं असतं."

"कोण बांधतं?"

"लडी करणारी बाई."

"रोज? प्रत्येक लडीला? मग तिला काय म्हणतात?"

त्या रात्री भावोजींनी पोटभर जेवण केलं.

उजव्या हातात ब्रश काही आला नाही. ते मी आधीच सांगून टाकते, उगाच कुणी आशेवर राहायला नको. मनगट तेवढं थोडं कलायला शिकलं. दोरा उजवीकडून सुटायला लागला की ते इतकंसं झुकायचं, आणि भावोजी आम्हाला दाखवायचे, "बघा, गेला! पाहिलात?" रीळ परत कपाटात गेलं. 'धरा' हा शब्द घरातून गेला.

पाट्या रंगवणं गेलं, पण शब्द गेले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पलंगावरून पकडायचे. दूधवाल्याला विचारलं, तुमच्या कॅनला कॅन का म्हणतात. डॉक्टरांना विचारलं, पेशंट म्हणजे धीर धरणारा, तर मग फी घेताना तुम्ही का नाही धीर धरत. एक्स्चेंजमधून घरी येताना मला रोज एक तरी शब्द आणावा लागायचा. नाही आणला तर म्हणत, "मेव्हणीबाई, दिवस वाया घालवलात." आणि हे सगळं संध्याकाळी, लडी हातात असताना, समोर ताई गुंडाळत असताना. ती क्वचितच मधे बोलायची. बोलली तर तो विषय संपायचा.

त्यानंतरच्या काळातली एक गोष्ट आहे. माझं लग्न ठरलं होतं, पण मी अजून तिथेच होते. एकदा माझी रात्रपाळी लवकर सुटली आणि मी पहाटेच घरी पोचले. भावोजी झोपले होते. ताई स्वयंपाकघरात खुर्चीपाशी उभी होती. कालचा गुंडा तिच्या हातात होता आणि ती तो उलगडून खुर्चीच्या पाठीच्या दोन्ही खुंटांभोवती फेरे घेत होती. गुंड्याची पुन्हा लडी करत होती.

"हे काय चाललंय?"

"संध्याकाळी काय गुंडाळणार मग?"

"अगं, कारखान्यातून दुसरी आण की."

"नवी खरखरीत असते. ही त्यांच्या हाताला सवयीची झालीय." तिने शेवटचा फेरा घेतला आणि टोक बांधलं. "त्यांना सांगू नकोस."

तेव्हा मला कळलं की इतके दिवस ती एकच लडी चालली होती. मी सांगितलं नाही. पण भावोजींच्या चेहऱ्याकडे बघून एका दुपारी मला राहवलं नाही. मी आडून विचारलं, "भावोजी, ताई या दोऱ्याचं विणते तरी काय? मला तर काही दिसलं नाही."

भावोजींनी आधी दाराकडे बघितलं. "मेव्हणीबाई," ते हळूच म्हणाले, "पांढरा दोरा राखाडी झालाय. तो काय चिंतेने?"

"मग तिला म्हणत का नाही?"

"टोक बांधणारी बाई कोण ते मला कळलंय, हे तिला कशाला कळू द्यायचं?"

पुढे मी लग्न होऊन दूर गेले. जाऊन-येऊन असायचे. दर खेपेला लडी थोडी बारीक आणि थोडी काळी झालेली असायची. कारखान्यात नवी यंत्रं आली, ती स्वतःच आवळतात आणि स्वतःच आकडा छापतात, असं ताईने सांगितलं. जुनं यंत्र भंगारात गेलं. पितळी पट्टी आणली का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "कशाला? शब्द माहीत आहे की." भावोजी त्यावर खूश झाले. टेनॅसिटीला मराठीत नेमकं काय म्हणायचं, हे मात्र त्यांचं शेवटपर्यंत ठरलं नाही. चिवटपणा जवळचा वाटायचा, पण दोऱ्याला पुरेल, माणसाला कमी पडेल, असं ते म्हणायचे. शेवटी शेवटी तर म्हणायचे, "ठरवायची घाई काय आहे? तो शब्द इतक्या लांबून आलाय. बसू दे जरा."

भावोजी एका दुपारी झोपेतच गेले. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. माणसं येऊन गेली होती. पलंग आवरलेला होता, चादर ताणून घातलेली. ताई माझ्याशी बोलली, प्रवासाचं विचारलं, चहा दिला. डोळे कोरडे होते. मी तिला ओळखत होते, म्हणून काही विचारलं नाही.

संध्याकाळ झाली तशी ती उठली. कपाटातून तिने ती राखाडी लडी काढली. भावोजींच्या पलंगासमोर ती ज्या खुर्चीत बसायची, तिच्यासमोर स्वयंपाकघरातली दुसरी खुर्ची आणून ठेवली, पाठ आपल्याकडे करून. लडी त्या खुर्चीच्या दोन खुंटांवर अडकवली. टोक सोडवलं आणि गुंडाळायला लागली.

खुर्ची कलत नव्हती. दोन-चार फेरे झाले की दोरा खुंटापाशी अडकायचा. ताई हात थांबवायची, उठायची, दोन पावलं पुढे जाऊन दोरा बोटाने हलकेच वर उचलून सोडवायची, परत येऊन बसायची. पुन्हा दोन-चार फेरे. पुन्हा अडकायचा. पुन्हा उठायची. एकदाही तिने झटका दिला नाही, की ओढला नाही.

मला बघवेना. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि दोन्ही हात पुढे केले.

ताईने माझ्या हातांकडे बघितलं. मग खुर्चीकडे.

"नको गं," ती म्हणाली. "तू बस. ती शिकेल हळूहळू."

दोरा पुन्हा अडकला होता. ताई उठली.